आत्ती वहीमंत होती

करीमचाचांना कॉलेजच्या व्हरांड्यात उभे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. वर्गात तास चालू होता. शिपायाने दारातून खूण केली म्हणून मी बाहेर आलो, तर चाचा खांबाला टेकून उभे. मंगळवार पेठेतले आमचे हे शेजारी कल्हईवाले आहेत. एरवी या वेळेला त्यांचा भाता चालू असतो. हाताला नवसागराचा वास तसाच होता आणि डोक्यावर टोपी नव्हती. म्हणाले, "रामा, घरी चल. सारजाक्का गेली." त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते इथे लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला रडू आले नाही. मनात आले, कशावरून? सकाळी तर तिने मला हाताला धरून दारापर्यंत ढकलले होते... हे तिनेच शिकवलेले. कोणी काही सांगायला आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे, मग पायाकडे. "तोंड लबाड असतंय, पाय न्हाय," असे ती म्हणायची. मी चाचांच्या पायांकडे पाहिले. ते पेठेपासून अनवाणी आले होते. मग मात्र माझा संशय राहिला नाही.

सारजाबाई ही माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण. पेठेत तिला सारजाक्का म्हणत, मी आत्ती म्हणत असे. वर्तमानपत्रात नाव यावे असे तिने काही केले नाही, आणि आलेले तिला आवडलेही नसते. नाव छापणाऱ्याचा यात काय डाव आहे, हे तिने आधी विचारले असते. तरी मासिकाच्या या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तिच्या हातचे दूध घेतले असेल, म्हणून लिहायचे धाडस करतो. मला नीट लिहिता येईलच असे नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि गेलेल्या माणसाविषयी कागदावर लिहिण्याची रीत आमच्याकडे नाही.

तिच्या दोन म्हशी होत्या. सकाळी त्या घेऊन ती पेठेतून निघे, आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. आपल्या गावात अशी धार काढणारे पुष्कळ आहेत, पण आत्तीची एक गोष्ट वेगळी होती. म्हशीखाली बसण्याआधी ती हातातली पितळी चरवी गिऱ्हाइकासमोर उपडी धरायची. नुसती दाखवायची नाही, तळाला थाप मारायची. "बघा, कोरडी हाय." तालमीतले पैलवान कंटाळत. "अक्का, रोज काय बघायचं? तुझ्यावर कोन वहीम घेतंय?" ती म्हणे, "तू घेत न्हाईस म्हनूनच दावतो. घेतल्यावर दावून काय उपेग?" घरून निघण्याआधी ती चरवी पदराने इतकी पुसायची की करीमचाचा म्हणत, "अक्का, कल्हई मी लावतो आनि तू पुसून न्हेतीस."

दुसऱ्यावर वहीम घेण्यात, संशय धरण्यात, मात्र तिचा हात कोणी धरला नसता. पेंडवाला, भाजीवाली, शेजारच्या देवळातला गुरव, कोणी सुटत नसे. वाणी हसून बोलला तर तो का हसला, आणि न हसता बोलला तर आज का हसला नाही. मला कॉलेजात घालायचे ठरले तेव्हा वडील म्हणाले होते, महाराजांनी आपल्यासारख्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढल्या आहेत, तिथे ठेवू. आत्तीने एकच प्रश्न विचारला, "तितं शिजवतंय कोन? तू बघितलाईस त्याला?" वडिलांनी पाहिले नव्हते. म्हणून मी आत्तीकडे राहिलो. माझी पुस्तके आली तेव्हा तिने एकेक उचलून, उलटे धरून झटकले. काही पडले नाही. तेव्हाही ती म्हणाली, "बघू. अजून काय पडलं न्हाय."

आता त्या शब्दाची गोष्ट सांगतो. आमच्या कॉलेजात अधूनमधून शनिवारी इंग्रजीतून वादविवाद होत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत असे. त्या शनिवारी विषय होता, खेड्यातल्या मुलांना शाळेची सक्ती करावी काय. एक विद्यार्थी, चांगल्या घरातला, मोठ्या डौलात म्हणाला की कुणब्याचा मुलगा शाळेत गेला तर नांगर कोण धरणार? सगळे हसले. मी कसा उठलो ते मला आजही ठाऊक नाही. पुढे जाऊन अध्यक्षांचे टेबल घट्ट धरले. माझे इंग्रजी मोडके, शब्द सापडेना, आणि शब्द सापडेना म्हणून आवाज चढत गेला. शेवटी मी टेबलावर हात आपटला तेव्हा दौत उलटली आणि शाई अध्यक्षांच्या कागदावर गेली. अध्यक्ष आमचे इंग्रजीचे गोरे साहेब. त्यांनी शांतपणे कागद उचलला, झटकला, आणि समारोपात माझ्याकडे पाहून म्हणाले की आज एका अबोल तरुणाने व्हेमेंट भाषण केले.

तो शब्द मला ठाऊक नव्हता. चांगला की वाईट? शेजारच्याला विचारले तर तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ लावीत मी लायब्ररीत गेलो आणि कोश काढला. आवेशाचा, जोराचा, तीव्र, उग्र. आवेशाचा म्हटले तर बरे वाटत होते, उग्र म्हटले तर तंबाखूचा वास येत होता. साहेबांनी शाबासकी दिली की शाई सांडल्याबद्दल कान पिळला? खरे सांगायचे तर आजही माझी खात्री नाही. पण त्या दिवशी मी शाबासकी धरून चाललो आणि हसत घरी गेलो.

आत्ती म्हशींपुढे वैरण टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "आज लई खुशीत हाईस? कशापायी?"

"आत्ती, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं."

"काय म्हनला?"

"व्हेमेंट म्हणाले."

तिचा हात थांबला. "काय?"

"व्हेमेंट."

"वहीमंत?"

मला वाटले, तिला उच्चार जमत नाही. माझी तरी जीभ कुठे वळत होती? मी हसून म्हणालो, "तसंच की."

"सगळ्यांच्या म्होरं म्हनला?"

"सगळ्यांसमोर."

"आनि तू हसतोयास..." एवढेच ती बोलली. वहीमंत म्हणजे ज्याच्यावर वहीम आहे तो, असा अर्थ तिने लावला होता. हातातली पेंढी तिने तशीच खाली ठेवली, दार लावले, अडसर घातला आणि माझी ट्रंक ओढून अंगणात पालथी केली. सदरे, धोतर, दोन पुस्तके, आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू, सगळे मातीत. "काय आनलाईस का तितनं? खरं सांग. पेन? टाक? काय बी?" लायब्ररीचे एक पुस्तक होते. ते तिने दोन बोटांनी उचलून वैरणीच्या पाटीखाली झाकले, जणू घरात साप निघाला होता. मी कोशातला अर्थ सांगितला. आवेश म्हणजे काय ते सांगितले. ती म्हणाली, "त्यो कोश कुनी लिवला? सायबानंच की. कुलूपवाल्यालाच इचारतोयास व्हय, कुलूप चांगलं हाय का?"

दुसऱ्या दिवशी मी करीमचाचांच्या दुकानात जाऊन बसलो. ते एका पातेल्याला कथील फिरवत होते. सगळे ऐकल्यावर त्यांनी भाता थांबवला. "आमच्यात वहम म्हंजे मनाचा भास. त्याला लुकमान हकिमाकडं बी दवा न्हाय म्हनत्यात. पन अक्काचा वहीम भासाचा न्हाय रे बाबा." आणि मग त्यांनी मला आमच्या घरात कोणी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आत्तीला कबनूरला दिले होते. आतोबा दुसऱ्यांची छपरे शाकारून देत. एकदा गावातल्या एका मोठ्या घरी काम चालू असता त्या घरातली नथ हरवली. वहिमावरून आतोबांना चावडीवर नेले, बांधले, मारले. पुढे ती नथ त्याच घराच्या कणगीत, जोंधळ्यात सापडली. आतोबांना सोडून दिले. पण त्यानंतर त्यांना कोणी छपरावर चढू दिले नाही, आणि एका सकाळी ते घरातून गेले ते परत आलेच नाहीत. आत्ती कुंकू लावायची, त्यावरही गावात बोलणे होत असे. चाचा म्हणाले, "मला एकदाच बोलली होती. म्हनली, नथ घावली, सगळ्यांनी बघितली. पर दिलेला वहीम माघारी न्ह्यायला कोन आलं न्हाय."

मला तेव्हा कळले की तिला साहेबाची भीती वाटत नव्हती. वहीम आला की माणूस घर सोडतो, असे तिचे साधे गणित होते. आधी नवरा गेला, आता भाच्याची पाळी. आणि बहुधा म्हणूनच ती साऱ्या जगावर आधी वहीम घेऊन ठेवत असावी, म्हणजे जगाला तिच्या घरावर घ्यायला सवड मिळू नये...

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. आत्तीने मला एकट्याला सोडणेच बंद केले. मी कॉलेजला निघालो की ती एक म्हैस सोडून मागे निघे. कॉलेजच्या फाटकाबाहेर म्हैस रवंथ करीत उभी राही आणि आत्ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघत बसे. पोरांना आयताच विषय मिळाला, ती म्हशीकडे बोट दाखवीत. "रामचंद्र, वहिनींचं नाव कुठल्या वर्गात घातलंस?" "आरं, वहिनी न्हवं, ती ह्येची मास्तरीण हाय, शिंगं बघ की!" मी मान खाली घालून आत जात असे. आणि हळूहळू मलाही तो रोग लागला. साहेब हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबतात का? शिपाई माझ्याकडे असे का बघतो? त्या काळात कॉलेजच्या पोरांवर कोणाकोणाची नजर असते अशी कुजबुज होती, त्यामुळे भिंतीलाही कान दिसू लागले. व्हेमेंट हा शब्द मी मनात इतक्या वेळा घोळवला की शेवटी माझ्याही कानाला तो वहीमंतच ऐकू येऊ लागला.

अशात एक छत्रीवाला माणूस गल्लीत आला. पाऊस नव्हता, ऊनही फारसे नव्हते, तरी छत्री. तो करीमचाचांना विचारत होता, इथे कॉलेजात जाणारा मुलगा राहतो का, वागायला कसा आहे, संगत कशी आहे. आत्ती शेण गोळा करत होती. पाटी घेऊन तशीच पुढे झाली.

"कोन पावणं?"

"काही नाही बाई, सहज विचारत होतो."

"सहज? सहज तर मांजार बी कुनाच्या दारात येत न्हाय. कुनी धाडलं?"

"तसं नव्हे, जरा चौकशी..."

चौकशी हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. आत्तीने पाटीतले शेण उचलले. पावण्याने छत्री उघडली, ती मात्र शहाणपणाची गोष्ट केली. गल्लीच्या टोकापर्यंत ती त्याच्या मागे गेली आणि परत येऊन दारात टेकली तेव्हा तिच्या छातीचा भाता हलत होता. म्हणाली, "संपलं. उद्या गावाकडं जायाचं. नांगर धर, कायबी कर. पर तुला चावडीवर बघायची ताकद न्हाय माझ्यात." तिने माझे गाठोडे स्वतःच बांधले. मी असा आहे की महत्त्वाच्या वेळी मला बोलता येत नाही, आणि बोललो की शाई सांडते. कॉलेज संपले असे धरून मी लायब्ररीचे पुस्तक तेवढे परत करायचे राहिले म्हणालो. ती उठली. "चल. द्यायचंच हाय तर सायबाच्या हातात देऊ, आनि त्याला इचारू, त्याचं काय गेलंय." आणि तिने चरवी घेतली.

साहेबांचा बंगला कॉलेजपासून लांब नव्हता. साहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, कॉलेजचे कारकून काही कागद घेऊन उभे होते. आत्ती पायऱ्या चढून सरळ समोर गेली. मी मागे, पुस्तक छातीशी धरून. साहेब उठून उभे राहिले. त्यांचे मराठी पुस्तकातले होते. "बाई, आपण कोण? आपण बसावे."

"बसायला आलो न्हाय." तिने चरवी त्यांच्यापुढे उपडी केली आणि तळावर अशी थाप मारली की आतून स्वयंपाकी बाहेर आला. "बघा. कोरडी हाय. माझं घर बी असंच हाय. ट्रंक म्या झाडली, पुस्तकं झाडली, कायबी न्हाय निघालं. तुमचं काय गेलंय ते सांगा. मी भरून देतो. पर पोरावर वहीम घ्यायचा न्हाय!"

साहेबांनी कारकुनांकडे पाहिले. कारकुनांनी माझ्याकडे. मी कसेबसे सांगितले, भाषण, शब्द, वहीम. कारकुनांना हसू आवरेना. त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली तर आत्ती म्हणाली, "तू गप ऱ्हा. तू त्याच्या पदरचा. त्यालाच बोलू दे."

साहेब हसले नाहीत, ही गोष्ट मी विसरणार नाही. ते शब्द शोधत राहिले. मी टेबल धरून उभा राहिलो होतो ना, अगदी तसे ते खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग त्यांनी आपल्या छातीवर मूठ मारली. "बाई, व्हेमेंट म्हणजे... येथून. मनातून. जोरात." आणि बोट हलवून म्हणाले, "चोर नाही. जोर."

"चोर न्हाय?"

"नाही. जोर."

"जोर..." आत्तीने तो शब्द तोंडात धरून पाहिला, खोट्या नाण्यावर दात मारून बघावे तसा. मग तिने साहेबांच्या पायांकडे पाहिले. साहेबांच्या पायात सपाता होत्या आणि एका सपातीतून अंगठा बाहेर आला होता. का कोण जाणे, त्याने ती जराशी निवळली असावी. तेवढ्यात साहेब कारकुनांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि त्यात तो शब्द आला. आत्तीने लगेच पकडला. "बघ! परत म्हनला! आता कुनाला म्हनला?"

कारकून म्हणाले, "तुम्हाला, बाई. साहेब म्हणतात, भाच्यापेक्षा आत्याबाईच जास्त व्हेमेंट आहेत."

आत्तीने पदर खांद्यावर नीट घेतला. चरवी काखेत धरली. आणि एरवी पेठेत ज्या आवाजात बोलायची त्याच्या अगदी अर्ध्या आवाजात म्हणाली, "मला म्हना. मी हाय वहीमंत. काय आसंल त्यो माझ्यावर घ्या. पोराला म्हनू नगासा."

माझ्या हातातले पुस्तक साहेबांनी घेतले आणि पाहून परत माझ्याच हातात दिले. "याची मुदत संपली नाही," म्हणाले. माझे कॉलेज तिथे वाचले.

परत येताना गल्लीपाशी आत्ती एकदम म्हणाली, "टेबलावर हात आपटलास व्हय?"

"व्हय."

"दुखला का?"

मी म्हणालो, थोडा. घरी आल्यावर तिने माझे गाठोडे सोडले, आणि त्यातला प्रत्येक सदरा पुन्हा झटकून मगच खुंटीला लावला.

छत्रीवाल्याचा उलगडा पुढे वडिलांकडून झाला. तो एका चांगल्या बागायतदाराच्या घरचा, मुलीसाठी स्थळ बघत आला होता. त्याने परत जाऊन निरोप पाठवला की पोरगा ठीक वाटतो, पण घरात वाघीण आहे. ती सोयरीक गेली ती गेलीच. आत्तीला हे सांगितले तर म्हणाली, "छत्री घेऊन पोरगी खपवायला येतोय म्हंजे पोरीत काय तरी आसंल."

साहेबांनी तिचा शब्द मानला. पुढच्या एका वादविवादात मी पुन्हा बोललो. समारोपात साहेबांनी माझ्याकडे पाहिले, त्यांचा वरचा दात ओठावर टेकला, व्हे... इतके आले, आणि मग थांबून ते म्हणाले, स्ट्राँग. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र काहीतरी हातातून निसटल्यासारखे वाटले. तो शब्द मला नंतर कधीच मिळाला नाही. एकदा मी निबंधात आपण होऊन वापरला, लिहिले की आमची म्हैस व्हेमेंट आहे. साहेबांनी त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, जनावराला हा शब्द सहसा लावत नाहीत, माणसाला काही आतून फार वाटते आणि ते बाहेर येते, तिथे लावावा.

घरात मात्र तो शब्द राहिला. लाथ मारणारी म्हैस वहीमंत, उतू जाणारे दूध वहीमंत. आणि रोज संध्याकाळी मी आलो की आत्ती विचारायची, "उतरला का सायबाचा वहीम?" मी म्हणे, उतरला. "बघू," ती म्हणे. तिला शेवटपर्यंत पटले नव्हते, असे सगळे धरून चालतात, मीही तसेच धरत असे. हल्ली मला वेगळा संशय येतो. हात दुखला का असे तिने विचारले ना, तेव्हाच तिला सगळे कळले असावे. मग रोजचा तो प्रश्न कशासाठी? आज काय शिकलास, कोणी बोलले का, कोणी हसले का, हे सगळे विचारायला तिच्यापाशी दुसरा शब्द नव्हता, म्हणून तर नसेल? हा माझा वहीम आहे. विचारून खात्री करून घ्यायला आता ती नाही...

शेवटच्या दुखण्यात तिला ताप आणि खोकला होता. डॉक्टरांनी बाटली दिली. तिने झाकण काढून वास घेतला आणि बाटली माझ्यापुढे धरली. "आदी तू घे." दर वेळी एक घोट मला घ्यावा लागे, मग ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघे, आणि मग म्हणे, "असू दे, सकाळी घेतो." माझा जुना खोकला त्या औषधाने बरा झाला. तिचा नाही. त्या सकाळी मी म्हणालो, आज कॉलेजला जात नाही. ती भिंतीला धरून उठली. अंग भाजत होते. "जा म्हनतो न्हवं! न्हाय गेलास तर सायेब म्हनंल, कुटं गेलता? वहीम आपल्या पायानं येत न्हाय, आपुन जागा देतोय म्हनून येतोय." आणि माझ्या हाताला धरून तिने मला उंबऱ्याबाहेर काढले. मागे अडसर पडल्याचा आवाज आला. करीमचाचांना तो पुढे दुपारी मोडावा लागला.

साहेब दहाव्याला आले होते. अंगणात उभे राहिले, म्हशींकडे पाहिले, मला म्हणाले की तुझी आत्या... मीच वाक्य पुरे केले. त्यांच्या भाषेत, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, तो शब्द माणसाला लावून. माय आँट वॉज अ व्हेमेंट वूमन. त्यांनी मान हलवली. रेघ ओढायला जागा नव्हती.

म्हशी विकाव्यात असे वडिलांचे मत आहे, परीक्षा होईपर्यंत राहू द्या असे मी म्हणालो. सकाळी मीच धार काढतो. पहिल्या दिवशी चरवी धुतली, म्हैस सोडली आणि करीमचाचांच्या दारात गेलो. चाचा पातेले घेऊन उभे होते. सवयीने, म्हणजे तिच्या सवयीने, मी चरवी त्यांच्यापुढे उपडी धरली आणि तळाला थाप मारली. आतून पाण्याचे थेंब पडले. दोन-तीन, मातीत. पुसायचे मी विसरलो होतो. चाचांनी ते पाहिले. वर पाहून म्हणाले, "असू दे रे. काढ धार. तुझ्यावर कोन वहीम घेतंय?"

मी म्हैस त्यांच्या दाराशी तशीच उभी ठेवली आणि घरी परत आलो. खुंटीला आत्तीचे जुने लुगडे अजून होते. त्याच्या पदराने चरवी आतून पुसली, पुन्हा पुसली, बोट फिरवून पाहिले. मग चाचांच्या दारात जाऊन ती पुन्हा उपडी धरली.

"बघा," मी म्हणालो, "कोरडी हाय."